दुष्काळाची लेकरे : धमतरीच्या मेनोनाइट मंडळीचा इतिहास

छत्रपती संभाजीनगराहून जालन्याकडे निघाले की वाटेत करमाड लागते. सन 1900 च्या सुमारास मनमाड-हैदराबाद लोहमार्ग या मुलखातून सुरू झाला, तेव्हा भोवतालची गावे दुष्काळाने होरपळत होती. त्याच सुमारास तिकडे मध्य प्रांतात रायपूर ते धमतरी ही अरुंद रुळांची रेल्वे धावू लागली. दुष्काळ तेथेही तसाच होता. करमाड निजामाच्या राज्यात आणि धमतरी इंग्रजांच्या अमलात असली, तरी कॅथलिक ख्रिस्तसभेच्या दृष्टीने हे दोन्ही मुलूख त्या काळी नागपूर धर्मप्रांतात मोडत. घोगरगावी फादर गुरियन जाकियर यांनी ज्या काळात आपली सेवा चालविली, त्याच काळात धमतरी शहरात एक वेगळीच ख्रिस्ती मंडळी जन्माला येत होती. तिचा इतिहास आपल्या वाचकांना फारसा परिचित नाही, म्हणून आम्ही तो येथे मांडीत आहोत.

मेनोनाइट हे नाव मेनो सायमन्स यांच्यावरून पडले. ते नेदरलँड्समधील फ्रीसलँड प्रांतातले कॅथलिक धर्मगुरू. 1536 साली त्यांनी धर्मगुरुपद सोडले. समजत्या वयात स्वतःच्या मुखाने श्रद्धा कबूल करील त्यालाच स्नानसंस्कार द्यावा, आणि ख्रिस्ताच्या अनुयायाने शस्त्र हाती धरू नये, ही त्यांच्या पंथाची दोन मुख्य मते होत. या मतांपायी या लोकांचा अनन्वित छळ झाला. फेलिक्स मान्झ यांना 1527 साली प्रोटेस्टंट झुरिकने पाण्यात बुडवून मारले. डर्क विलेम्स यांनी तर बर्फ फुटून पाण्यात पडलेल्या आपल्या पाठलागकर्त्याचे प्राण वाचविले आणि त्यामुळेच ते पकडले गेले. कॅथलिक राजसत्तेखाली 1569 मध्ये त्यांना जिवंत जाळण्यात आले. हा इतिहास आपण कॅथलिकांनी मान खाली घालून वाचण्याजोगा आहे. पुढे 1998 ते 2003 या काळात कॅथलिक व मेनोनाइट प्रतिनिधींनी एकत्र बसून या जखमांविषयी मोकळेपणाने संवाद केला.

1897 च्या दुष्काळात अमेरिकेतील मेनोनाइटांची मदत घेऊन जॉर्ज लँबर्ट भारतात आले. त्यांच्या वृत्तान्तांनी तिकडची मने हेलावली. मार्च 1899 मध्ये जेकब रेसलर, डॉ. विल्यम पेज व त्यांच्या पत्नी अॅलिस पेज मुंबई बंदरात उतरले आणि वर्षअखेरीस त्यांनी धमतरीत मुक्काम ठोकला. धर्मोपदेशाची घडी बसण्याआधीच छप्पन्नच्या दुष्काळाने त्यांना गाठले. मदतकार्य हेच पहिले काम ठरले आणि आईबाप गमावलेली लेकरे हेच पहिले कुटुंब. शहरातील सुंदरगंज वस्तीत अनाथालय, शाळा आणि प्रार्थनामंडळी उभी राहिली. 1910 पासून दवाखाना सुरू झाला, तोच पुढे धमतरी ख्रिश्चन हॉस्पिटल म्हणून नावारूपास आला. कुष्ठरोग्यांनाही येथे आसरा मिळाला.

'पोटासाठी ख्रिस्ती झाले' हा टोमणा मराठवाड्यातील ख्रिस्ती माणसाने पिढ्यान्‌पिढ्या ऐकला आहे. धमतरीकरांच्याही वाट्याला तो आला. त्याचे उत्तर सोपे नाही. मुलाने स्वतः मागितल्याखेरीज स्नानसंस्कार नाही, असे या पंथाचे तत्त्व खरे. पण ज्याच्या हातचे अन्न खाऊन आपण जगलो, त्याच्यापुढे मुलाच्या मागण्याला कितीसे स्वातंत्र्य असते? वाढलेल्या मुलांना शेती मिळावी म्हणून 1906 मध्ये मिशनने बलोदगहान हे गाव मालगुजारीने घेतले. जालन्याजवळ रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी वसविलेले बेथेल याच जातीचे. अशा गावात निवारा होता, पण मिशनरी हाच मालक आणि तोच मेंढपाळ, ही अडचणही होती.

आमच्या मते या टोमण्याचे उत्तर पुढच्या पिढ्यांनी आपल्या कृतीने दिले. 1912 मध्ये तेथील मंडळ्यांची परिषद स्थापन झाली. 1952 मध्ये मिशनचा कारभार स्थानिक ख्रिस्तसभेकडे आला. अन्नासाठी हात पसरलेल्या लेकरांचे वंशज हिशेब, शाळा आणि वेदी यांचे विश्वस्त झाले. पुढे पी. जे. मालगार यांच्यासारखे बिशप तिला लाभले. भारतातील निरनिराळ्या मेनोनाइट मंडळ्यांना सेवाकार्यासाठी जोडणाऱ्या संस्थेची धुराही त्यांनी वाहिली, आणि आपल्या ख्रिस्तसभेचा इतिहास त्यांनी स्वतः लिहिला. केवळ पोटासाठी आलेला माणूस पोट भरल्यावर निघून जातो. हे लोक राहिले, आणि दुसऱ्यांच्या दुखण्याला धावले.

मालगारांची ही शेवटची गोष्ट आम्हांला विशेष महत्त्वाची वाटते. रेसलर व पेज यांची नावे ग्रंथांतून मिळतात. अनाथालयातील मुलामुलींची नावे मिळवायला जुन्या वह्याच धुंडाळाव्या लागतात. गंगापूर-वैजापूर भागातील आपल्या धर्मग्रामांची स्थिती याहून फारशी निराळी नाही. धर्मगुरूंच्या कार्याचे स्मरण आपण करतो, ते योग्यच. परंतु ज्या आजीने दुष्काळात लेकरू कडेवर घेऊन मिशनचा उंबरठा ओलांडला, तिचे नाव कोठे लिहिले आहे? स्नानसंस्काराच्या नोंदवह्या वाळवीच्या तोंडी जाण्यापूर्वी प्रत्येक धर्मग्रामाने त्यांची नक्कल करावी आणि वृद्धांच्या आठवणी उतरवून घ्याव्यात. आपला टोमणा आपणच वाचून आपणच त्याला उत्तर द्यायचे, तर आपली माणसे आपल्याला नावानिशी ठाऊक असली पाहिजेत.