काव्यस्पर्धा आणि कवीचें घर

ज्युबिलीच्या मंगलप्रसंगीं आपण मागें वळून पाहतों, तेव्हां ख्रिस्तमंदिराचा पाया, घंटा आणि शाळेची इमारत यांचें स्मरण आपणांस प्रथम होतें, व तें योग्यच आहे. परंतु शाळेच्या पडवींत मुलांच्या मुखांतून वर्षानुवर्षें जे शब्द निघाले, त्यांचा हिशेब सहसा कोणी ठेवीत नाहीं. पवनी तालुक्यांतील आसगांवासारख्या धानाच्या गांवीं एकादी शाळकरी मुलगी स्नेहसंमेलनांत स्वतःची कविता म्हणते. टाळ्या होतात, एक वही बक्षीस मिळते, आणि दुसऱ्या दिवशीं ती आईबरोबर खळ्यावर जाते. त्या कवितेचें पुढें काय होतें? या प्रश्नाचें उत्तर शोधण्यासाठीं विद्यार्थ्यांच्या काव्यस्पर्धांचा इतिहास थोडा चाळून पाहूं.

ही प्रथा आपल्या ख्रिस्तसभेला नवी नाहीं. येशूसंघीयांनीं सन १५९९ मध्यें आपल्या सर्व विद्यालयांसाठीं जी अभ्यासपद्धति मुक्रर केली, तींत विद्यार्थ्यांच्या पारितोषिकांचे स्वतंत्र नियम आहेत. साहित्याच्या वरच्या वर्गास आठ बक्षिसें ठेवलीं होतीं: लॅटिन गद्यास दोन, लॅटिन पद्यास दोन, आणि तशींच ग्रीक गद्यास व पद्यास दोन दोन. विद्यार्थ्यानें आपल्या लेखावर नांव न घालतां केवळ एक खूण घालावी. तीच खूण व आपलें नांव असलेला दुसरा कागद बंद करून द्यावा. परीक्षकांनीं निर्णय केल्यावरच तो उघडावा. सरदाराचा मुलगा आणि विणकराचा मुलगा या खुणेपुढें सारखेच! चारशें वर्षांपूर्वींची ही न्यायबुद्धि आजच्या कित्येक स्पर्धांस शिकण्याजोगी आहे.

मात्र या व्यवस्थेंत एक उणेपणाहि होता. तेथें मुलाला आपल्या आईच्या भाषेंत बक्षीस मिळण्याची सोय नव्हती. ती उणीव त्याच संघांतील एका पुरुषानें आपल्या देशांत अंशतः भरून काढली. फादर थॉमस स्टीफन्स हे जन्मानें इंग्रज. सन १५७९ मध्यें ते गोव्यास आले. नवख्रिस्ती लोकांना आपल्या भाषेंत, आपल्या चालीवर म्हणतां येईल असें पुराण हवें होतें. लॅटिनमध्यें शिकलेल्या या धर्मगुरूनें मराठी ओवी हातीं धरली, आणि सन १६१६ मध्यें 'ख्रिस्तपुराण' रोमन लिपींत छापून निघालें. त्याच्या आणखी दोन आवृत्त्या त्याच शतकांत निघाल्या. पुढें सन १६८४ मध्यें पोर्तुगीज सरकारनें लोकभाषा सोडण्याचा हुकूम काढला. तरीहि हस्तलिखित प्रतींतून आणि भाविकांच्या कंठांतून तें पुराण टिकलें. अखेर सन १९०७ मध्यें मंगळूर येथें त्याची नवी आवृत्ति प्रसिद्ध झाली.

योगायोग असा कीं, त्याच १९०७ सालीं खानदेशांत जळगांवीं मराठी कवींचें संमेलन भरलें. अध्यक्ष होते डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर. मोठमोठ्या कवींच्या त्या सभेंत धरणगांवीं जन्मलेला, अवघा सोळा-सतरा वर्षांचा त्र्यंबक बापूजी ठोमरे उभा राहिला आणि त्यानें आपली कविता म्हणून दाखविली. सभा थक्क झाली. अध्यक्षांनीं त्याला 'बालकवि' ही पदवी दिली, आणि महाराष्ट्र आजहि त्याला त्याच नांवानें ओळखतो. ही कांहीं शाळेची स्पर्धा नव्हे. पण शाळकरी वयाच्या मुलाला मिळालेला याहून मोठा मान मराठी कवितेच्या इतिहासांत क्वचितच सांपडेल.

परंतु मान एका दिवसाचा असतो. जेवण रोज लागतें. या मुलाचें दैव असें कीं, कवि नारायण वामन टिळक यांच्या मनांत तो भरला. टिळक प्रोटेस्टंट पंथाचे. सन १८९५ मध्यें मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्या निर्णयाचें बीज नागपूरहून राजनांदगांवास जातांना आगगाडींत पडलें होतें. तेथें भेटलेल्या एका परदेशी गृहस्थानें त्यांच्या हातीं नवा करार दिला. ती गाडी भंडारा रोड, तुमसर, गोंदिया या आपल्याच मुलुखांतून जाते, हें आपण सहसा ध्यानांत घेत नाहीं.

टिळकांनीं बालकवीला अहमदनगरास आपल्या घरीं नेलें. लक्ष्मीबाईंनीं त्याला पोटच्या मुलासारखें वागविलें. त्याचा हट्ट, त्याचा रुसवा, त्याचा भित्रा स्वभाव, सारें सोसलें. 'स्मृतिचित्रें' वाचणाऱ्यास तें घर डोळ्यांपुढें दिसतें. पदवी संमेलनानें दिली खरी, पण कवीला जपलें त्या स्वयंपाकघरानें. ५ मे १९१८ रोजीं भादली स्टेशनाजवळ आगगाडीखालीं सांपडून बालकवि वारले. वय सत्तावीस वर्षांचें. इतक्या अल्प आयुष्यांत जें काव्य त्यांनीं लिहिलें, त्यांत त्या घराचा वांटा किती, हें देवच जाणे.

आतां आपल्या आसगांवाकडे वळूं. काव्याची चुरस आपल्या मुलांना परकी नाहीं. भेंड्या लावतांना शेवटच्या अक्षरावरून दुसरी कविता आठवावी लागे, आणि त्या खेळांत शेंकडों ओळी मुलांच्या जिव्हाग्रीं बसत. दंडारींतील गाणीं, जात्यावरच्या ओव्या, हीं तर आपल्या घरचींच. पण आपल्या झाडीबोलींत 'पाणी' हें 'पानी' होतें. कवितेंत तसें लिहिणाऱ्या मुलाच्या कागदावर लाल शाईची रेघ ओढली जाते, आणि पुष्कळदां त्या रेघेबरोबर त्याचें लिहिणेंहि थांबतें. ज्या सभेच्या एका धर्मगुरूनें परकी जीभ वळवून मराठी ओवी रचली, त्या सभेच्या लेकरांनीं आपल्या शेजारच्या मुलाच्या बोलीला हंसावें, हें शोभत नाहीं. शुद्ध भाषा त्याला अवश्य शिकवावी. पण त्याच्या आईची भाषा ही चूक आहे, असें मात्र शिकवूं नये.

म्हणून या ज्युबिलीच्या वर्षीं काव्यस्पर्धा भरवावयाची असल्यास तीन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. कागदावर नांवाऐवजीं खूण असावी, म्हणजे न्याय होईल. झाडीबोलीलाहि प्रमाण मराठीच्या पंक्तीला बसवावें, म्हणजे मूल मोकळेपणानें बोलेल. आणि बक्षीससमारंभ संपल्यावर कोणी तरी, शिक्षकानें, धर्मगुरूनें, वा शेजारच्या मावशीनें, त्या मुलास आठवड्यांतून एकदां घरीं बोलावून विचारावें, "बाळ, नवें कांहीं लिहिलेंस का?"

पेरणाऱ्याच्या दाखल्यांत बीं चांगलेंच होतें. जमिनीप्रमाणें पीक निराळें आलें. धानाच्या मुलुखांतील आपणांस हें निराळें सांगावयास नको. परमेश्वर आपल्या हातून ती जमीन चांगली करवून घेवो.