बल्ख ते लीड्स : श्रद्धा आणि समुपदेशन यांची हजार वर्षांची वाट

१/ नमाजापूर्वी हात, तोंड, पाय धुऊन शुद्ध होणे म्हणजे वजू. काही मिनिटांचे काम. पण एखाद्याचे ते पुरेच होत नाही. कोपर कोरडे राहिले असेल, या शंकेने तो पुन्हा पुन्हा नळाखाली हात धरतो. त्वचा सोलवटते, नमाजाची वेळ टळते. मराठीत हा मंत्रचळ, अरबीत वसवास. लंडन-शिकागोत राहणाऱ्या अशा माणसाने कोणाकडे जावे?

२/ तेथील मानसोपचाराचा वारसा श्रद्धेविषयी साशंक होता. १९०७ साली सिग्मंड फ्रॉइड यांनी धार्मिक विधी आणि मंत्रचळी कृती यांतील साम्य मांडले. १९२७ च्या ग्रंथात तर धर्माला मानवजातीचा सार्वत्रिक मंत्रचळच ठरवले. या चष्म्यातून पाहणाऱ्याला नमाज आणि रोग वेगळे दिसणे कठीण.

३/ दुसरीकडे, वसवास म्हणजे सैतानाची कुजबुज, असा अर्थ परंपरेने चालत आलेला. त्यामुळे 'तुझे ईमान कच्चे' हा शेरा जवळच्यांकडूनच मिळण्याची भीती. एकीकडे श्रद्धा हाच रोग, दुसरीकडे रोग हीच अश्रद्धा.

४/ वास्तविक ही कोंडी इस्लामी वैद्यकाने फार पूर्वी फोडली होती. आजच्या अफगाणिस्तानातील बल्खजवळ जन्मलेले अबू जैद अल-बल्खी (सुमारे ८५०–९३४) यांनी शरीर आणि मन या दोहोंच्या आरोग्यावर एक ग्रंथ लिहिला. क्रोध, भय, विषाद आणि वसवास अशा चार मनोविकारांचा त्यांनी स्वतंत्र विचार केला.

५/ शरीरासाठी औषधे जशी हाताशी ठेवतात, तसे निरोगी विचार मन स्वस्थ असतानाच साठवून ठेवावेत, हा त्यांचा सल्ला. विचार बदलून भावना सावरण्याची ही रीत आजच्या उपचारपद्धतींच्या जवळ जाते. पुढे मात्र त्यांचे हस्तलिखित इस्तंबूलच्या ग्रंथालयात दीर्घकाळ दुर्लक्षित राहिले.

६/ आधुनिक काळात हा प्रश्न धीटपणे विचारला सुदानचे मानसशास्त्रज्ञ मलिक बद्री यांनी. १९७५ साली अमेरिकेत दिलेल्या व्याख्यानात, आणि १९७९ मध्ये लंडनहून निघालेल्या पुस्तकात, पाश्चात्त्य सिद्धान्त डोळे झाकून उचलणाऱ्या मुस्लिम मानसशास्त्रज्ञांवर त्यांनी टीका केली. ते स्वतः वर्तनोपचार करीत. त्यांचा विरोध शास्त्राला नव्हता, आंधळ्या उसनवारीला होता.

७/ हळूहळू संस्था उभ्या राहिल्या. १९८३ साली जाफर करीम यांनी लंडनमध्ये 'नफ्सियात' हे केंद्र काढले. ते केवळ मुस्लिमांसाठी नव्हे, विविध संस्कृतींतील लोकांसाठी होते. २००१ मध्ये ब्रिटनमध्ये मुस्लिम तरुणांसाठी हेल्पलाइन सुरू झाली. २०१० मध्ये शिकागोत 'खलील सेंटर' स्थापन झाले.

८/ श्रद्धेचे भान उपचाराच्या कामी कसे येते? मंत्रचळावरील उपचारात रुग्णाने एकदाच धुऊन थांबायचे असते आणि शंका सोसायची असते. 'अशुद्ध राहून नमाज पढलो तर पाप' ही भीती तिथे आडवी येते. परंतु इस्लामी धर्मशास्त्राचा प्रसिद्ध नियमच आहे : शंकेने निश्चिती मोडत नाही. हे जाणणारा समुपदेशक, गरज पडल्यास इमामाच्या साहाय्याने, रुग्णाला सांगू शकतो की थांबणे धर्माला धरूनच आहे.

९/ याची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची. ब्रिटनमधील लीड्स विद्यापीठात गझाला मीर आणि सहकाऱ्यांनी नैराश्यावरील एक उपचारपद्धती मुस्लिम रुग्णांसाठी घडवली. तिची सुरुवात होते ती रुग्णाला आयुष्यात काय मोलाचे वाटते, या प्रश्नाने. धर्माचा आधार हवा असेल त्यालाच ती धार्मिक शिकवणीची पुस्तिका दिली जाते. नाव मुस्लिम म्हणून माणूस श्रद्धाळूच असेल असे नाही; एखाद्याची जखम धर्माच्या नावानेच झालेली असू शकते. श्रद्धा वगळणे ही जशी चूक, तशीच ती लादणेही.

१०/ २०१३ साली बल्खींच्या ग्रंथातील मनोविकारांचा भाग इंग्रजीत आला. अनुवादक होते मलिक बद्री. अकराशे वर्षांपूर्वीच्या वैद्याने वसवासाला पाप न म्हणता उपचारयोग्य व्याधी मानले होते, हे नळाशी खोळंबलेल्या त्या माणसाला आता कोणीतरी सांगू शकते.