दुसऱ्या छपराखालची वही

तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडविल्या गेल्या, ही कथा महाराष्ट्रात लहान पोरालाही ठाऊक आहे. चाकणचे संताजी जगनाडे यांनी उतरून घेतलेले अभंग मात्र दुसऱ्या घरी होते. त्यांच्याच वह्यांवरून ठाण्याच्या वि. ल. भावे यांनी पुढे ‘अस्सल गाथा’ छापली. नक्कल दुसऱ्या छपराखाली असावी, हे शहाणपण आपल्याकडे असे जुनेच आहे. संगणकांनी ते कसे उचलले, त्याची हकीकत मोठी रंजक आहे.

१९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन टॉम्पसन व डेनिस रिची यांनी युनिक्स ही प्रणाली रचावयास घेतली. १९७१ च्या तिच्या पहिल्या माहितीपुस्तकातच ‘माउंट’ ही आज्ञा आहे. फायलींचे झाड कल्पावे आणि त्याच्या एका पानाच्या जागी सबंध नवी फांदी जोडावी, तसे तिचे काम. पाहणाराला झाड एकच दिसते. फांदी मात्र निराळ्या तबकडीवर असते. १९८४ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने एनएफएस रचले आणि ही फांदी तारेपलीकडच्या यंत्रावरही राहू लागली. सर्व्हरच्या नकला दूर ठेवण्याची सोय अशी झाली.

पण यात ग्यानबाची मेख आहे. आमची भिवंडी जशी मागांची तशी गोदामांची. येथील वाचकांना ती चटकन उमगेल. गोदाम बंदच राहिले आणि हमालांनी गाठी ओट्यावर रचल्या, तरी वहीत ‘माल उतरला’ अशी नोंद होतेच! तबकडी जोडली गेली नाही, तरी तिच्या नावाचा रिकामा फोल्डर मूळ तबकडीवर असतोच. नकला मुकाट्याने त्यातच पडतात. मूळ तबकडी तुडुंब भरते. ती बिघडली की अस्सल आणि नक्कल एकदमच जातात. ‘एफएसटॅब’ या यादीत ‘नोफेल’ असा शेरा असेल, तर तबकडीवाचूनही यंत्र बिनतक्रार सुरू होते. म्हणून जाणते लोक आधी ‘माउंटपॉइंट’ आज्ञेने जोडणी पडताळतात, मगच नक्कल करतात आणि काम संपताच फांदी सोडवून ठेवतात.

मी पडलो शाळामास्तर. शाळेच्या जनरल रजिस्टरातील जन्मतारखेच्या एका ओळीवर कुणाची नोकरी, कुणाचे निवृत्तिवेतन अडून असते, हे मी रोज पाहतो. २६ जुलै २००५ च्या पावसात भिवंडीत पाणी शिरले, तेव्हा ओल्या कागदांची किंमत गावाला कळली. आता त्या ओळी यंत्रात चालल्या आहेत. तेव्हा ‘नक्कल आहे ना?’ एवढेच विचारून भागावयाचे नाही. ती कोणत्या छपराखाली आहे आणि उघडून कोणी वाचून पाहिली आहे काय, हेही विचारले पाहिजे.