लिंगाणा : नाळेची परीक्षा, मग सुळक्याची

तोरणा आणि रायगड यांच्या दरम्यान, सह्याद्रीच्या मुख्य कड्यापासून सुटून उभा असलेला सुळका म्हणजे लिंगाणा. उंची सुमारे ३ हजार फूट. शिवकाळात येथे कैदी ठेवले जात. कातळात खोदलेली गुहा व पाण्याची टाकी आजही त्याची साक्ष देतात. पायऱ्यांचा मार्ग मात्र उद्ध्वस्त झाल्याने प्रस्तरारोहणाचे तंत्र अवगत असल्याखेरीज माथा गाठता येत नाही.

खरी परीक्षा सुरू होते ती पायथ्यापूर्वीच. मोहरी गावातून रायलिंग पठाराकडे निघाल्यावर बोराट्याची नाळ उतरावी लागते. सुट्या दगडधोंड्यांनी भरलेल्या या घळीत वरच्याच्या पायाखालून निसटलेला धोंडा खालच्याच्या जिवावर बेतू शकतो. त्यामुळे अंतर राखून उतरणे आणि हेल्मेट घालणे अनिवार्य ठरते. पुढे अरुंद, घसाऱ्याची आडवी वाट रायलिंग व लिंगाणा यांमधील खिंडीत पोहोचवते.

खिंडीपासून दोराच्या साहाय्याने चढाई सुरू होते. जुने बोल्ट गंजलेले असू शकतात. पारखल्याशिवाय त्यांवर भार टाकू नये. माथ्यावर पोहोचल्याने मोहीम संपत नाही. रॅपलिंग करून उतरल्यावर तीच नाळ पुन्हा चढायची असते. परतीसाठी उजेड, पाणी आणि अंगातील बळ राखून ठेवणे, हेच येथील शहाणपण.

कसे जाल : पुण्याहून वेल्हेमार्गे मोहरी.
कालावधी : हिवाळा. पावसाळ्यात जाणे टाळावे.