देशांच्या डोक्यावरचा कायदा

श्रोतेहो, देशांनी एकमेकांशी तह करावेत ही काही नवी गोष्ट नव्हे. तह होतात आणि मोडतातही. मोडला की पूर्वी तलवारी निघत. पुढच्या काळात निषेधाचे खलिते जाऊ लागले. पण सरकारने तह मोडला म्हणून त्याच देशातल्या एका माल वाहणाऱ्या कंपनीने सरकारला कोर्टात ओढावे आणि जिंकावे, हे कधी ऐकले आहे? युरोपात १९६३ साली हे घडले.

आधी थोडे मागे जायला हवे. तीस वर्षांत दोन महायुद्धे होऊन युरोप पार मोडून पडला होता. लढाईला लागतो कोळसा आणि लागते पोलाद. तेव्हा या दोन वस्तूच एका सामाईक मंडळाच्या ताब्यात द्याव्यात, म्हणजे कुणा एकाला चोरून तोफा ओतता येणार नाहीत, असा विचार फ्रान्सने मांडला. एप्रिल १९५१ मध्ये फ्रान्स, पश्चिम जर्मनी, इटली, बेल्जियम, नेदरलँड्स आणि लक्झेंबर्ग अशा सहा देशांनी तसा करार केला. मग २५ मार्च १९५७ रोजी रोम शहरी मोठा करार झाला. सहाही देशांनी आपसातली जकात हळूहळू काढून टाकायची असे ठरले. त्यात बारावे कलम असे होते की, आहे त्या जकातीत कुणी वाढ करायची नाही.

आता पाहा, गंमत इथेच झाली. व्हॅन गेंड एन लोस नावाच्या डच कंपनीने सप्टेंबर १९६० मध्ये पश्चिम जर्मनीतून एक रसायन आणले. करार झाला तेव्हा त्यावर शेकडा ३ जकात होती. आता अधिकाऱ्यांनी मागितली ८! सरकारचे म्हणणे, आम्ही वाढ केलीच नाही; नव्या पत्रकात त्या मालाचा वर्ग बदलला, एवढेच. वर्ग बदलला काय आणि दर वाढवला काय, पैसे मोजणाऱ्याला दोन्ही सारखेच. कंपनी डच जकात न्यायाधिकरणाकडे गेली. न्यायाधिकरणाला प्रश्न पडला की, हा करार राजाराजांमधला, त्याच्या आधारावर एका व्यापाऱ्याने दाद मागायची कशी? त्याने तो प्रश्न लक्झेंबर्गच्या सामाईक न्यायालयाकडे पाठवला.

तिथे नेदरलँड्स, बेल्जियम आणि जर्मनी या तिघांच्याही सरकारांनी सांगितले की, ही बाब देशादेशांमधली आहे, प्रजेने त्यात पडण्याचे कारण नाही. ५ फेब्रुवारी १९६३ रोजी न्यायालयाने ते अमान्य केले. या करारातून एक नवीच कायदेव्यवस्था जन्मली आहे, ती सरकारांपुरती नाही. तिने सामान्य माणसालाही हक्क दिले आहेत आणि ते हक्क देशोदेशीच्या कोर्टांनी राखले पाहिजेत, असा तो निकाल. करारात हे कुठेही इतक्या स्पष्ट शब्दांत लिहिलेले नव्हते. न्यायाधीशांनी ते कराराच्या हेतूतून काढले. त्यांनी आपली पायरी ओलांडली असे म्हणणारे तेव्हाही होते, आजही आहेत. मला स्वतःला वाटते, त्या दिवशी त्यांनी तसे केले नसते तर रोमचा करार इतर तहांसारखाच दप्तरात पडून राहिला असता.

दुसरी कथा इटलीतली, आणि ती आपल्या घरच्या वीजबिलासारखी आहे. १९६२ साली इटलीने वीज कंपन्या सरकारजमा करून एनेल नावाचे एकच महामंडळ काढले. मिलान शहरातल्या कोस्टा नावाच्या वकिलाचे एका वीज कंपनीत शेअर होते. तो चिडला आणि एनेलचे बिल भरायला त्याने नकार दिला. बिल किती? १,९२५ लिरा, म्हणजे चिल्लर रक्कम! दावा गेला लहानसहान तंटे सोडवणाऱ्या, अगदी खालच्या पायरीच्या न्यायाधीशापुढे. त्याने थेट लक्झेंबर्गला विचारले. इकडे मार्च १९६४ मध्ये इटलीच्या घटना न्यायालयाने सांगून टाकले होते की, नंतर झालेला कायदा आधीच्याला बाद करतो. म्हणजे १९५७च्या करारावर १९६२चा कायदा वरचढ. इटली सरकार तर म्हणाले, न्यायाधीशाने आपल्या देशाचा कायदा लावायचा, परक्यांना विचारायचेच कशाला?

१५ जुलै १९६४ रोजी उत्तर आले. प्रत्येक देश मागाहून कायदा करून करार बाजूला सारू लागला, तर सहा देशांत सहा कायदे होतील आणि सामाईक असे काही उरणारच नाही. म्हणून सामाईक कायदा वरचा. कोस्टामुळे विजेचे राष्ट्रीयीकरण काही रद्द झाले नाही, पण त्याच्या बिलाने हे तत्त्व मात्र पक्के केले. इटलीच्या घटना न्यायालयाला ते गळी उतरायला १९८४ साल उजाडले!

शिक्षक मंडळींना इथे एक शंका येईल. लक्झेंबर्गचे न्यायालय आपल्या सुप्रीम कोर्टासारखेच का? तर नाही. खालच्या कोर्टात हरलेल्या माणसाला तिथे अपील करता येत नाही. देशातला न्यायाधीश आपला खटला थांबवून सामाईक कायद्याचा अर्थ विचारतो, ते अर्थ सांगतात आणि निकाल पुन्हा ज्याचा तोच देतो. युनियनला स्वतःचा तुरुंग नाही. सारा कारभार देशोदेशीच्या कोर्टांच्या आणि कचेऱ्यांच्या हातून चालतो.

तिथल्या नियमांतही प्रकार आहेत. काही नियम छापून आले की सगळ्या देशांत जसेच्या तसे लागू होतात. काहींत फक्त काय साधायचे ते सांगितलेले असते. त्यासाठी कायदा ज्या त्या देशाने आपल्या पद्धतीने करायचा. कोकणातल्या बागायतदारांना या कारभाराचा चटका बसलेला आहे. भारतातून गेलेल्या मालात फळमाशी आणि इतर किडी सापडल्या, म्हणून १ मे २०१४पासून आंबा, वांगी, कारली, पडवळ आणि अळू यांना युरोपची दारे बंद झाली. हापूसचा ऐन हंगाम होता. लंडनचे भारतीय व्यापारी ओरडले, ब्रिटिश पार्लमेंटात प्रश्न निघाले, पण एकट्या ब्रिटनला ती बंदी उठवता येईना. निर्णय ब्रुसेल्सचा होता आणि तो तेव्हाच्या २८ देशांना सारखाच बांधून होता. आंब्यावरची बंदी २०१५च्या आरंभी उठली.

आणि सरकारनेच ऐकले नाही तर? क्रीट बेटावर खानिया भागात एका नदीच्या मुखाशी कचऱ्याचे ढीग टाकले जात. ते थांबवा, असा निकाल १९९२ साली झाला होता. ग्रीस सरकार ढिम्म हलले नाही. पुढे दंडाची तरतूद झाली आणि जुलै २००० मध्ये न्यायालयाने ग्रीसला दिवसाला २०,००० युरो दंड ठोठावला. एखाद्या सदस्य देशाला झालेला असा हा पहिलाच दंड.

अर्थात सगळ्यांनी मुकाट्याने मान तुकवली असे नाही. जर्मनीच्या घटना न्यायालयाने १९७४ सालीच बजावले होते की, तुमच्याकडे नागरिकांच्या मूलभूत हक्कांची पुरेशी हमी नाही, तोवर आम्ही तुमचे नियम तपासत राहू. १९८६ मध्ये ते नरमले, पण २०२० साली पुन्हा एकदा लक्झेंबर्गचा निकाल त्यांनी मानला नाही. ब्रिटनमध्ये तर पार्लमेंटच्या वर काहीच नाही अशी परंपरा. तिथे परक्या मालकीच्या मासेमारी बोटी रोखायला १९८८ साली कायदा झाला होता. स्पॅनिश मालक कोर्टात गेले आणि १९९० मध्ये लंडनच्या वरिष्ठ न्यायाधीशांनी आपल्याच पार्लमेंटच्या त्या कायद्याची अंमलबजावणी थांबवली. पुष्कळ इंग्रजांच्या मनाला ते फार लागले. जून २०१६ मध्ये कौल झाला आणि ३१ जानेवारी २०२० रोजी ब्रिटन बाहेर पडले; युनियनमध्ये २७ देश उरले. सामाईक कायदा वरचा हे तत्त्व ब्रिटनने २०२३ अखेर आपल्या कायद्यातूनही काढून टाकले. तरी उत्तर आयर्लंडमध्ये मालाबाबतचे युरोपचे पुष्कळसे नियम अजून लागू आहेत, कारण दक्षिणेकडे आयर्लंडशी असलेल्या सरहद्दीवर पुन्हा जकातनाकी उभी राहावीत, असे दोन्ही बाजूंना वाटत नाही.