हात आधी, पिस्तूल नंतर

महूला पोस्टिंग असलं की एक फोन चुकत नाही. कुणातरी निवृत्त सहकाऱ्याचा नातू किंवा नात गावातल्या रेंजवर जायला लागलेली असते आणि प्रश्न येतो, "साहेब, पिस्तूल कुठल्या कंपनीचं घ्यावं?" आर्मी मार्क्समनशिप युनिट महूला आहे. सुभेदार विजय कुमार यांनी 2012 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये 25 मीटर रॅपिड फायर पिस्तुलात रौप्यपदक मिळवलं, ते इथल्याच सरावाच्या जोरावर. त्यामुळे महूत राहणाऱ्या प्रत्येकाला पिस्तुलातलं कळतं, असा लोकांचा गोड समज आहे.

माझं उत्तर ठरलेलं असतं. कंपनी नंतर बघू, आधी मुलीचा हात किती मोठा आहे ते सांगा. समोरच्याला वाटतं, साहेब टाळतायत. म्हणून हे जरा सविस्तर लिहितो. पिस्तुलाच्या मुठीचा इतिहास बघितला की हे उत्तर टाळाटाळ नाही, हे पटेल.

तलवारीपासून सुरुवात

संग्रहालयात जुन्या तलवारी बघताना लोक हमखास म्हणतात, "केवढीशी ही मूठ! आपल्या पूर्वजांचे हात एवढे लहान होते का?" हात लहान नव्हते. वरची आडवी परज आणि खालची गोल चकती यांच्यामध्ये चार बोटं अगदी घट्ट बसावीत, वार करताना हात पुढे-मागे सरकू नये, म्हणून ती जागा तेवढीच ठेवलेली असते. दांडपट्ट्यात तर कारागीर आणखी पुढे गेला. अख्खा हात खोबळ्यात जातो, मनगट बांधलं जातं आणि पातं थेट कोपरापासूनच्या रेषेत येतं. हात मुठीत सरकू नये आणि शस्त्र हाताच्या रेषेत यावं, ही दोन तत्त्वं लक्षात ठेवा. पुढे पुन्हा लागतील.

युरोपात द्वंद्वयुद्धाच्या पिस्तुलांचं असंच होतं. अठराव्या शतकाच्या शेवटी लंडनचे वॉगडन किंवा मँटन यांच्यासारखे कारागीर जोडीने पिस्तुलं बनवत. चटकन उचलून रोखलं की नळी आपोआप समोरच्याकडे वळावी, याला त्यात सगळ्यात जास्त किंमत होती, कारण नेम धरत बसायला वेळ नसे. काही पिस्तुलांच्या मुठीला मागे करवतीच्या मुठीसारखं टोक काढलेलं असे. ते अंगठा आणि तर्जनी यांच्या बेचकीवर बसायचं, म्हणजे हात दर वेळी त्याच जागी पडायचा.

फौजेचं पिस्तूल : मूठ एक, हात हजार

मग मोठ्या फौजा आणि कारखाने आले. एकाच नमुन्याची हजारो पिस्तुलं, सुटे भाग एकमेकांना बसणारे, दुरुस्ती कुठेही होणारी. फौजेला हेच हवं असतं आणि त्यात गैर काही नाही. फक्त आता हाताने पिस्तुलाशी जुळवून घ्यायचं होतं.

कधी कधी फौजेलाही हाताचं ऐकावं लागलं. अमेरिकन सैन्याने 1911 मध्ये जॉन ब्राउनिंगने घडवलेलं .45 चं कोल्ट पिस्तूल स्वीकारलं. पहिल्या महायुद्धातल्या अनुभवानंतर त्यात सुधारणा झाल्या आणि 1920 च्या दशकात 1911ए1 हा नमुना आला. सुधारणा बघा. ट्रिगर आखूड केला. ट्रिगरमागे दोन्ही बाजूंनी धातू खरवडून बोटाला जागा दिली. मुठीची पाठ तळहातात भरावी म्हणून फुगीर केली. मागे येणाऱ्या हॅमरने बेचकीला चिमटा बसू नये म्हणून वरचं टोक लांबवलं. गोळी तीच, यंत्रणा तीच. बहुतेक बदल हाताच्या सोयीचे होते.

आपल्याकडच्या वाचकांच्या हाताला ओळखीचं पिस्तूल म्हणजे इशापूरच्या रायफल फॅक्टरीत बनणारं 9 एमएम 1ए. त्याचं मूळ ब्राउनिंग हाय-पॉवर. ब्राउनिंग 1926 मध्ये वारला, बेल्जियमच्या दियुदोने सैव्हने काम पुढे नेलं आणि 1935 मध्ये ते पिस्तूल बाजारात आलं. त्याचा मोठा गुण म्हणजे 13 गोळ्यांचं मॅगझिन. गोळ्या दोन ओळींत बसतात म्हणून मॅगझिन रुंद, आणि ते मुठीतच असतं म्हणून मूठही जाड. सैव्हने ती कमालीची आटोपशीर ठेवली. तरी आखूड बोटांच्या जवानाला ट्रिगरपर्यंत पोचायचं तर तळहात थोडा फिरवावा लागतो. हात फिरला की नळी कोपराच्या रेषेतून सुटते. बोटाचं नुसतं टोक ट्रिगरवर येतं, दाब सरळ मागे न जाता बाजूला जातो आणि उजव्या हाताच्या माणसाच्या गोळ्या डावीकडे जमायला लागतात. मग रेंजवर शेरा बसतो : "हाथ कच्चा है." पुष्कळदा हात कच्चा नसतो, आखूड असतो.

फौजी पिस्तूल आपण दोन्ही हातांनी धरतो, त्यामुळे हा दोष बराच झाकला जातो. ऑलिंपिक पद्धतीच्या स्पर्धेत मात्र हात एकच. दुसरा खिशात किंवा कमरेवर. तिथे मुठीचं सगळं खरं-खोटं उघडं पडतं.

दोन जखमी सैनिक

या इतिहासात मला सगळ्यात जवळची वाटणारी दोन माणसं सैनिकच आहेत, आणि दोघंही जखमी.

पहिला हंगेरीचा कारोली ताकाच. 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तो उत्तम पिस्तूल नेमबाज होता, पण हुद्द्याने सार्जंट. तेव्हाच्या हंगेरियन संघात फक्त कमिशन्ड अधिकाऱ्यांना जागा असे, म्हणून त्याला जाता आलं नाही. तो नियम पुढे उठला. पण 1938 मध्ये सरावात सदोष ग्रेनेड हातातच फुटला आणि उजवा हात गेला. नेमबाजीचा हात. ताकाचने कुणाला न सांगता डाव्या हाताने सराव सुरू केला आणि 1939 मध्ये राष्ट्रीय स्पर्धा जिंकली. 1940 आणि 1944 ची ऑलिंपिकं युद्धात गेली. 1948 मध्ये लंडनला, वयाच्या 38 व्या वर्षी, त्याने 25 मीटर रॅपिड फायरमध्ये 600 पैकी 580 गुणांच्या विश्वविक्रमासह सुवर्ण घेतलं आणि 1952 मध्ये हेलसिंकीत पुन्हा घेतलं.

रॅपिड फायर म्हणजे पाच लक्ष्यं, पाच गोळ्या आणि वेळ आधी 8 सेकंद, मग 6, मग 4. चार सेकंदांत हात उचलून पाच वेगवेगळ्या लक्ष्यांवर पाच गोळ्या मारताना मुठीत हात सावरायला उसंत नसते. हात पहिल्याच क्षणी बरोबर बसलेला हवा. ताकाचचा डोळा तोच होता, डोकं तेच होतं, जिद्द तर वाढलेलीच. नव्याने शिकायचं होतं ते फक्त तळहात आणि मूठ यांच्यामध्ये. लोक त्याच्या जिद्दीची गोष्ट सांगतात, सांगावीच. मला त्यात हेही दिसतं की नेमबाजीचं कौशल्य आणि हाताची बैठक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक गेली म्हणून दुसरी गेली असं नसतं.

दुसरा रशियाचा मिखाईल मार्गोलिन. 1924 मध्ये, ऐन विशीच्या आत, डोक्याला गोळी लागून त्याची दृष्टी कायमची गेली. हा माणूस पुढे शस्त्रांचा डिझायनर झाला. आराखडे काढता येत नव्हते, म्हणून मेण, माती, लाकूड यांचे नमुने हातांनी घडवून तो सहकाऱ्यांना आपली कल्पना समजावत असे. त्याच्या नावाने ओळखलं जाणारं .22 चं मार्गोलिन पिस्तूल पुढे जगभरच्या क्लबांमध्ये वापरलं गेलं. पिस्तूल डोळ्यांनी निवडायची वस्तू आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी हे नाव लक्षात ठेवावं.

त्याच घराण्यातलं एमटीएस-3 हे पिस्तूल 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये सोव्हिएत नेमबाज येवगेनी चेरकासोव्हने वापरलं आणि रॅपिड फायरमध्ये रौप्यपदक मिळवलं. त्याची रचना उलटी होती. नळी वर नसून खाली, जवळजवळ हाताच्या रेषेत. नेहमीच्या पिस्तुलात नळी हाताच्या वर असते, म्हणून गोळी सुटली की तोंड वर उचलतं. इथे धक्का सरळ हातातून खांद्याकडे जायचा आणि पिस्तूल जागच्या जागी राहायचं. दांडपट्ट्याचंच गणित! फायदा इतका उघड होता की नियम बदलले. आज 25 मीटरच्या पिस्तुलात नळीची मध्यरेषा अंगठा-तर्जनीच्या बेचकीच्या वरूनच गेली पाहिजे.

मूठ हाताची, मर्यादा नियमाची

मुठीला पूर्ण मोकळीक मिळाली ती 50 मीटर फ्री पिस्तुलात. आपल्या गोरखा रेजिमेंटच्या जितू रायने 2014 च्या एशियाडमध्ये सुवर्ण घेतलं तो हाच प्रकार. अक्रोडाच्या लाकडातून कोरलेली ती मूठ हाताला चहूबाजूंनी वेढते. हात घालावा लागतो, खोबळ्यात घालतात तसा. फक्त मनगट मोकळं राहिलं पाहिजे, एवढीच अट. 2016 च्या रिओनंतर हा प्रकार ऑलिंपिकमधून गेला.

उरलेल्या प्रकारांत मर्यादा आहेत. 10 मीटर एअर पिस्तूल 420 × 200 × 50 मिलिमीटरच्या पेटीत मावलं पाहिजे, वजन 1500 ग्रॅमच्या आत आणि ट्रिगरचा दाब किमान 500 ग्रॅम. 25 मीटरला पेटी 300 × 150 × 50 ची, वजन 1400 ग्रॅमपर्यंत, ट्रिगर किमान 1000 ग्रॅम. दोन्हीत मूठ हाताला वेढा घालू शकत नाही आणि तळहाताखालचा आधार वर वळलेला चालत नाही. या चौकटीत राहून मूठ हवी तशी कोरायची पूर्ण मुभा आहे. म्हणून आज स्पर्धेच्या पिस्तुलाची मूठ डाव्या-उजव्या हातासाठी वेगळी आणि लहान, मध्यम, मोठी अशा मापांत मिळते.

मग निवडायचं कसं?

रेंजवर, प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली, रिकामं आहे याची खात्री केलेलं पिस्तूल घ्या. बेचकी मुठीच्या पाठीला जितकी वर जाईल तितकी वर बसवा. आता बघा, नळी कोपरापासूनच्या रेषेत येते का. तर्जनीच्या पहिल्या पेराचा मांसल भाग ट्रिगरवर सहज पोचतो का आणि दाब सरळ मागे जातो का. तर्जनी मुठीला घासत असेल तर ती मूठ जाड आहे. मधल्या दोन बोटांनी पकड धरायची, करंगळी आणि अंगठा नुसते सोबतीला.

मग खरी परीक्षा. डोळे मिटा, हात उचलून लक्ष्याच्या दिशेने धरा, दोन श्वास घ्या आणि डोळे उघडा. पुढची साइट मागच्या साइटच्या खाचेत मधोमध, समतल दिसली पाहिजे. दर वेळी ती एकाच बाजूला दिसत असेल तर मनगटाने दुरुस्त करू नका. मनगट चाळिसाव्या गोळीला थकतं आणि सामना 60 गोळ्यांचा असतो. मूठ दुरुस्त करा. तळहाताखालचा आधार किंचित वर-खाली सरकतो. लाकूड टोचेल तिथे सँडपेपर, पोकळी राहील तिथे सुताराची लांबी भरा. थोडंसंच काढा, दोन-तीन दिवस सराव करा, मग पुढचं. मोठी मूठ घेऊन "हात वाढेल" म्हणणं शाळेच्या बुटांना ठीक, पिस्तुलाला नाही. वजनाचंही तेच. पूर्ण सराव संपल्यावर शेवटच्या दहा गोळ्यांतही जे स्थिर राहतं, ते त्या मुलाच्या वजनाचं पिस्तूल.

नामांकित कंपन्यांची पिस्तुलं चांगली असतातच. पण दोन लाखांच्या पिस्तुलाची मूठ हातात फिरत असेल, तर क्लबमधलं जुनं, लांबी भरून डागाळलेलं पिस्तूल जास्त गुण देईल.

हे फक्त पदकांपुरतं नाही. हरियाणाच्या मनीष नरवालचा उजवा हात जन्मतः अधू आहे. तो डाव्या हाताने नेम धरतो. टोकियो पॅरालिंपिकमध्ये 50 मीटर पिस्तुलाचं सुवर्ण त्याने जिंकलं. आपल्यातही हात, खांदा किंवा पाय रणात ठेवून आलेले अनेक जण हे वाचत असतील. आणि रेंजवर "हाथ कच्चा" हा शेरा ऐकून कायमचे मागे बसलेलेही असतील. त्यांना एवढंच सांगायचंय : तो शेरा माणसावर मारण्याआधी मुठीवर मारून बघायला हवा होता. अजूनही बघता येईल. जवळच्या क्लबात जा, तीन मापांच्या मुठी मागा, डोळे मिटून हात उचला.