बोराची आठळी आणि झोप

बोर खाऊन आठळी थुंकून द्यायची, एवढंच आपल्याला ठाऊक. आमच्या वऱ्हाडात धुऱ्याधुऱ्यावर गावरान बोरी. मी अकोल्याला इतिहास शिकवत होते तेव्हा मधल्या सुटीनंतर अर्ध्या वर्गाला बोरकुटाचा वास यायचा. पण ती आठळी फोडून आतल्या बीचं कुणी औषध करतं, आणि तेही झोपेचं, हे मला सत्तरी उलटल्यावर कळलं.

करतात ते चिनी लोक. त्यांची बोर म्हणजे आपल्या बोरीची चुलत बहीण, काटेरी, आंबट फळाची. तिची बी भाजून, कुटून, ज्येष्ठमध आणि आणखी तीन द्रव्यं घालून काढा करतात. बीचं नाव ‘सुआन झाओ रेन’. हा काढा झांग झोंगजिंग या वैद्याच्या ग्रंथात आहे. काळ साधारण इ.स. 200, म्हणजे आपल्याकडे सातवाहनांची अखेर.

या माणसाबद्दल वाचताना मी थांबले. त्यानेच एका ग्रंथाच्या प्रस्तावनेत लिहून ठेवलंय की आमच्या कुळात दोनशेच्या वर माणसं होती आणि दहा वर्षांच्या आत त्यातली दोन तृतीयांश मेली, बहुतेक तापाने. अशा घरात झोप कुणाला येणार? काढा सांगितला आहे तो खंगलेल्या आणि आतून तगमगणाऱ्या माणसासाठी. चिनी वैद्यकाचं म्हणणं असं की झोपेत जीव यकृतातल्या रक्तात विसावतो. ते रक्त कमी झालं की त्याला रात्री टेकायला जागा उरत नाही, मग तो भटकतो. शरीरशास्त्राच्या पुस्तकात हे बसणार नाही. पण आमचे हे गेल्यापासून, चार वर्षं झाली, रात्री दोनला माझा डोळा उघडतो तो उघडाच राहतो. त्या वेळचं वर्णन मला तरी याहून नेमकं कुणी सांगितलेलं नाही.

असो. हे सगळं वाचायचं कारण म्हणजे पुतण्या. टोरांटोहून येताना त्याने याच काढ्याच्या पुड्यांचं पाकीट आणलं. डॉक्टरांच्या झोपेच्या गोळीने मी पहाटे भिंत धरून चालते, हे त्याने पाहिलं होतं. “काकू, हर्बल आहे, अपाय काहीच नाही!” आमच्याकडे येणारं जाणारं प्रत्येक माणूस हेच म्हणतं. या वाक्याशी मात्र माझं भांडण आहे, आणि ते इतिहासाच्या बाईचं भांडण आहे.

चीनचंच उदाहरण घ्या. ‘जिन बू हुआन’ म्हणजे सोनं दिलं तरी बदलून देऊ नये अशी चीज. या नावाच्या गोळ्या अमेरिकेत वेदनेवर आणि झोपेसाठी विकल्या जायच्या. 1993 साली कोलोरॅडोत तीन लहान मुलांनी त्या गिळल्या आणि त्यांचा श्वास मंदावला, हृदयाचे ठोके उतरले. मुलं वाचली. मोठ्यांमध्ये यकृताला सूज आल्याच्याही नोंदी झाल्या. तपासलं तर वेष्टनावर एक वनस्पती छापलेली आणि आतलं गुंगीचं द्रव्य त्या वनस्पतीत सापडतच नाही!

आणि आपली सर्पगंधा? बिहारकडे तिला ‘पागल की दवा’ म्हणत. 1931 मध्ये कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी वेड आणि रक्तदाब या दोन्हींवर तिचा उपयोग होतो असं लिहिलं. 1949 मध्ये मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकिलांनी पन्नास रुग्णांवरचे निष्कर्ष विलायतेच्या हृदयरोगाच्या मासिकात छापले, तेव्हा कुठे जग जागं झालं. 1952 मध्ये स्वित्झर्लंडमध्ये मुळीतून रेसरपिन वेगळं काढलं. अमेरिकेतल्या वेड्यांच्या इस्पितळांत ते सर्रास दिलं जाऊ लागलं, आणि 1957 मध्ये वकिलांना लास्कर पुरस्कार मिळाला. मात्र तोवर काही रुग्ण खोल उदासीनतेत गेल्याच्या नोंदीही येऊ लागल्या होत्या. मूळ तेच, शांत करणारंही आणि बुडवणारंही. मला वकिलांचं कौतुक वाटतं ते यासाठी, की त्यांनी माणसं मोजली, मात्रा मोजली, काय बिघडलं तेही लिहिलं. बोराच्या बीवरही चीनमध्ये पुष्कळ अभ्यास झालेत, पण बरेचसे लहान आणि ढिसाळ आहेत असं त्यांची छाननी करणारेच म्हणतात.

आमची आई पिंपळमूळ द्यायची. अंजनगाव सुर्जी, अकोट भागात पानमळ्यांतून पानपिंपरी पिकते, त्याच जातीच्या वेलीचं हे गाठाळ मूळ. “झोप येत नाई त गुळासंगं घे न बापा,” म्हणायची. जुन्या आयुर्वेदाच्या ग्रंथांतही गूळ आणि पिंपळमूळ झोपेसाठी सांगितलंय. गंमत म्हणजे चिनी वैद्यही पिंपळी वापरतात, पोटासाठी. तिचं चिनी नाव ‘बीबो’, आपल्या ‘पिप्पली’वरूनच गेलेलं. म्हणजे देवाणघेवाण जुनीच आहे, पुतण्याने काही नवा मार्ग काढलेला नाही.

माझी रक्तदाबाची गोळी चालू आहे. म्हणून पुतण्याला सांगितलं, पाकिटावरच्या पाचही द्रव्यांची नावं कुणाकडून तरी नीट लिहून आण, मी ती डॉक्टरांपुढे ठेवते. चारांची आली. पाचव्याची अक्षरं वेष्टनाच्या घडीत पुसली गेलीत. पाकीट फ्रिजवर आहे, अजून फोडलेलं नाही.